घरच्या पडद्यावर भयपट आणि ॲनिमे : नवख्या प्रेक्षकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

भयपट घरी पाहताना भीती वाटतच नाही, अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी तो जेवता जेवता, सगळे दिवे लावून आणि हातात मोबाइल धरून पाहिलेला असतो. ॲनिमेविषयीही, म्हणजे जपानी ॲनिमेशनविषयीही, अशा मंडळींचे मत आधीच ठरलेले असते : एक तर ती लहान मुलांची कार्टून, नाही तर काही तरी विचित्र, आपल्या घरात न शोभणारे. दोन्ही तक्रारींचे कारण माझ्या मते एकच आहे. भयपटात दचकवणाऱ्या क्षणापेक्षा त्या क्षणाआधीची पाच-दहा मिनिटे मोलाची असतात, चांगल्या ॲनिमे मालिकेत घटनांइतकीच घटनांमधली स्तब्धता बोलते, आणि घरी पाहताना आपण नेमका हाच भाग वाया घालवतो. सातपूर-अंबडची पाळी किंवा कॉलेज रोडवरची शिकवणी आटोपून रात्री टीव्हीसमोर बसणाऱ्या आणि या दोन प्रकारांत नव्याने शिरू पाहणाऱ्या नाशिककरांसाठी पुढील क्रम सुचवला आहे. त्यात माझ्या आवडीनिवडी आल्या आहेत आणि त्या लपवण्याचा प्रयत्न केलेला नाही.

पहिली पायरी : वेळ आणि खोली ठरवावी

भयपट रात्री पाहावा हे सांगायला नको. पण ती रात्र कोणत्या ऋतूतली, याला आपल्याकडे महत्त्व आहे. उन्हाळ्यात पंखा किंवा कूलर पूर्ण वेगाने चालू असतो आणि चित्रपटातील सर्वांत हलके आवाज, म्हणजे कोणाचा तरी श्वास, लाकडी जिन्याची करकर, पलीकडच्या खोलीतले पाऊल, त्या घरघरीत बुडून जातात. पावसाळ्याचे वातावरण अशा चित्रपटांना पोषक वाटते खरे. मात्र ज्यांच्या गॅलरीवर पत्र्याची शेड आहे, त्यांना आषाढातल्या सरींमध्ये साधे संवादही धड ऐकू येत नाहीत. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात येऊ लागतात आणि शहरातही पंखे बंद होतात, तो डिसेंबर-जानेवारीचा काळ मला या छंदासाठी सर्वोत्तम वाटतो. खिडक्या लावलेल्या, पंखा बंद आणि अंगावर गोधडी असली की घरातल्या साध्या टीव्हीचाही आवाज पुरेसा होतो.

दिवेलागणीच्या वेळी भुताखेतांचे नाव काढू नये, असे घरातील वडीलधारी म्हणत असतील तर त्यावर वाद घालू नये, कारण सोयीच्या दृष्टीनेही ती वेळ वाईटच असते. कुकरच्या शिट्ट्या होत असतात, दाराची बेल वाजते, कोणी तरी विरजण मागायला येते. जेवणे होऊन मागची आवराआवर झाली की साडेनऊच्या सुमारास बसावे. पावणेदोन तासांचा चित्रपट त्यामुळे साडेअकराच्या आत संपतो आणि झोपण्यापूर्वी एखादे साधे काम करायला, निदान उद्याचा डबा कोणता यावर बोलायला, थोडा वेळ उरतो. हा शेवटचा भाग वगळू नये. पडदा बंद करून थेट अंथरुणात शिरणाऱ्यांनाच रात्रभर स्वयंपाकघरातले आवाज ऐकू येतात.

दिवे मालवावेत, परंतु खोली ठार काळोखी करण्याची गरज नाही. टीव्हीच्या मागे एक मंद दिवा असा ठेवावा की त्याचा उजेड भिंतीवर पडेल आणि पडद्यावर पडणार नाही. त्याने डोळ्यांवर ताण येत नाही आणि चित्रातला काळा रंगही अधिक गडद भासतो. देवघरातली समई पडद्यावर चमकत असेल तर समईला हात न लावता आपली बसण्याची जागा बदलावी. मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत, आवाज बंद करून. वीज जाण्याची धास्ती असलेल्या भागात वायफायचा राउटर इन्व्हर्टरला जोडून घ्यावा आणि चित्रपट आधीच टॅबवर उतरवून ठेवावा, कारण ऐन रंगात आलेला भयपट अर्ध्या तासाच्या खंडानंतर पुन्हा सुरू केला की त्याचा ताण परत येत नाही.

दुसरी पायरी : टीव्हीची मांडणी एकदाच नीट करून घ्यावी

हे काम रटाळ आहे, पण ते एकदाच करावे लागते. चित्रपट सर्वसाधारणपणे सेकंदाला २४ चौकटी या गतीने चित्रित होतो. आजच्या अनेक टीव्हींमध्ये दोन चौकटींच्या मधली चित्रे स्वतः तयार करून हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते आणि ती बहुधा दुकानातून आल्यापासूनच चालू असते. तिच्यामुळे महागडा चित्रपटही दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. ॲनिमेचे नुकसान तर याहून मोठे होते. तिथे एकच चित्र पुष्कळदा दोन किंवा तीन चौकटींपर्यंत स्थिर ठेवलेले असते, म्हणजे सेकंदाला प्रत्यक्षात १२ किंवा ८ चित्रेच काढलेली असतात, आणि हा ठेका दिग्दर्शकाने जाणूनबुजून निवडलेला असतो. टीव्हीने त्यात स्वतःची भर घातली की रेषांच्या कडा फिसकटतात आणि धावणारे पात्र पाण्यातून तरंगल्यासारखे दिसते. म्हणून ही सोय बंद करावी आणि चित्रासाठी 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' अशा नावाचा पर्याय निवडावा. 'व्हिव्हिड' हा पर्याय दुकानातल्या झगमगाटासाठी असतो. तो घरात उपयोगाचा नाही.

अंधाराचे दृश्य दिसत नाही म्हणून ब्राइटनेस वाढवण्याचा मोह टाळावा. दिग्दर्शकाने कोपऱ्यात दडवलेली आकृती त्याने उघडी पडते, शिवाय काळ्या भागात राखाडी चौकोन आणि पट्टे दिसू लागतात. इंटरनेटवरून चित्र पाठवताना ते दाबून लहान करावे लागते आणि त्या काटकसरीची पहिली झळ काळोख्या दृश्यांना बसते. त्यामुळे भयपटापुरती तरी चित्राची गुणवत्ता सर्वांत वरच्या पातळीवर ठेवावी, मग त्या दिवशी डेटा थोडा जास्त खर्च झाला तरी चालेल.

आवाजाची अडचण निराळी असते. कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी दार आपटते आणि शेजारचे काका भिंतीवर थाप मारतात. सिडकोतल्या एकाला एक लागून असलेल्या घरांत ही अडचण रोजचीच. बऱ्याच टीव्हींत आणि साउंडबारमध्ये हलके आवाज वर आणि मोठे आवाज खाली आणणारा 'नाइट मोड' असतो, तो वापरून पाहावा. एकट्याने पाहणार असाल तर कान झाकणारा साधा हेडफोन त्याहूनही चांगला. एक मात्र सांगतो, आवाज बंद करून केवळ सबटायटलवर भयपट पाहणे म्हणजे तो न पाहण्यासारखेच आहे.

तिसरी पायरी : घरातल्या माणसांचा विचार करावा

ओटीटीवरील प्रत्येक चित्रपटाला आणि मालिकेला वयोगटाची खूण लावणे २०२१ च्या नियमांनुसार आवश्यक झाले आहे. 'यू', 'यू/ए ७+', 'यू/ए १३+', 'यू/ए १६+' आणि 'ए' अशा त्या खुणा असतात, आणि त्यांच्या शेजारी हिंसा, भीती, शिवराळ भाषा वगैरे कारणही दिलेले असते. ते कारण वाचावे. मुलांच्या प्रोफाइलला पिन लावून ठेवावा, विशेषतः ॲनिमेच्या बाबतीत, कारण चित्रातले गोल डोळे आणि शाळेचा गणवेश पाहून पालक निर्धास्त होतात आणि तिसऱ्या भागात रक्ताचा सडा पडतो.

ज्यांना भीतीचा खरोखर त्रास होतो, त्यांना आग्रह करू नये. 'एवढ्याला काय घाबरायचं' हे वाक्य या छंदात वर्ज्य समजावे. गरोदर स्त्री, नुकतीच घरातली एखादी व्यक्ती गमावलेले कुटुंब किंवा झोपेच्या तक्रारी असलेले आजोबा यांच्यासोबत पाहण्यापूर्वी कथानकाचा विषय तरी ठाऊक असावा. मध्येच थांबवावेसे वाटले तर थांबवावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात उरलेला भाग पाहावा. उजेडात पुष्कळ भुते हसू येण्याजोगी दिसतात.

चौथी पायरी : सुरुवात आपल्या मातीतून करावी

नवखा प्रेक्षक बहुधा जगात सर्वांत भयानक म्हणून गाजलेल्या चित्रपटापासून सुरुवात करतो आणि एक तर कंटाळतो, नाही तर कायमचा दूर जातो. त्याऐवजी ज्या घरांची, ज्या भाषेची आणि ज्या श्रद्धांची आपल्याला ओळख आहे तिथून सुरुवात करावी. 'झपाटलेला' (१९९३) आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिलेला असतो आणि तात्या विंचूला हसतच आपण भुताच्या बाहुल्याची सवय करून घेतलेली असते. तो पुन्हा पाहिला तर भीती आणि विनोद किती जवळजवळ राहतात हे कळते. इतकी तयारी असली की पुढचा चित्रपट 'लपाछपी' (२०१७).

विशाल फुरिया यांचा हा मराठी चित्रपट मी नवख्यांना सर्वांत आधी सुचवतो. शहरातून पळून आलेले एक जोडपे उसाच्या शेतातल्या एकाकी घरात आसरा घेते. पत्नी गरोदर आहे. पूजा सावंत आणि उषा नाईक यांच्यातील प्रसंगांवर चित्रपट उभा आहे. त्यातली भीती मोठ्या प्रमाणावर दिवसाउजेडी घडते. निफाड-दिंडोरीकडे उसाच्या फडात शिरलेल्या कोणालाही हे ठाऊक असते की दहा पावले आत गेल्यावर चारही बाजूंना सारखेच दिसू लागते, वाऱ्याने पाने सळसळली की कोणी तरी चालत आल्यासारखे वाटते, आणि पात्याच्या कडेने हाताला बारीक चिरा पडतात. दिग्दर्शकाने या अनुभवाखेरीज फारसे काही वापरलेले नाही. आणि त्यामागे जो सामाजिक गुन्हा दडला आहे, तो भुतापेक्षा जास्त वेळ छळतो. याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये त्याचे हिंदी रूप 'छोरी' या नावाने केले. दोन्हींत मूळ मराठी निवडावा.

त्यानंतर 'तुंबाड' (२०१८). राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटाची बीजे नारायण धारप यांच्या एका कथेत आहेत आणि त्याचे चित्रीकरण अनेक पावसाळे चालले होते. पडद्यावरचा तो करडा, न थांबणारा पाऊस पाहताना हे जाणवते. सुरुवातीच्या भागाकडे विशेष लक्ष द्यावे : साखळदंडात जखडलेल्या म्हातारीला वेळेवर खाऊ घालण्याचे काम एका लहान मुलावर येऊन पडते. म्हातारी जागी झाली तर काय होईल हे आपल्याला पुरते सांगितलेले नसते, फक्त मुलाच्या हातातली थाळी दिसत राहते. लोभाची ही गोष्ट पुढे मोठी होत जाते, परंतु माझ्या मते चित्रपटाचे सगळे यश या थाळीत आहे. २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. ज्यांनी तेव्हा मोठ्या पडद्यावर पाहिला त्यांनीही घरी एकदा हेडफोन लावून पाहावा.

हिंदीतून राम गोपाल वर्मा यांचा 'भूत' (२००३) घ्यावा. उंच इमारतीतला फ्लॅट, लिफ्ट, वॉचमन, आणि चित्रपटात एकही गाणे नाही. गंगापूर रोडकडे नव्या टॉवरमध्ये राहायला गेलेल्यांना त्यातली रिकामी लिफ्ट ओळखीची वाटेल. रामसे बंधूंचे 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) किंवा 'पुराना मंदिर' (१९८४) हे मात्र एकट्याने पाहू नयेत; मित्रमंडळी, चिवडा आणि मोठ्याने शेरेबाजी हीच त्यांची योग्य मांडणी आहे, आणि असे म्हणण्यात त्यांचा अवमान नाही.

पाचवी पायरी : मग बाहेर पडावे

परदेशी भयपटांत शिरताना रक्तपात नसलेला चित्रपट आधी घ्यावा. 'द अदर्स' (२००१) हा त्यासाठी उत्तम आहे : उजेड सहन न होणारी दोन मुले, सदैव ओढलेले पडदे, एक दार उघडण्यापूर्वी दुसरे बंद करण्याचा नियम. पुढे 'सायको' (१९६०) पाहावा. अनेकांना त्याचे रहस्य आधीच ठाऊक असते, तरीही तो चालतो, आणि तो का चालतो हे शोधणे हाच त्यातला अभ्यास. न्हाणीघरातल्या प्रसंगात चाकू अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. झपाट्याने बदलणाऱ्या तुकड्यांवरून आणि संगीतकार बर्नार्ड हर्मन यांच्या केवळ तंतुवाद्यांच्या किंचाळीवरून आपण तो मनाने पाहतो. रक्त म्हणून वापरले होते ते चॉकलेटचे सिरप, कृष्णधवल चित्रात ते खपून गेले.

जपानचा 'रिंगू' (१९९८) घरीच पाहण्यासाठी जणू घडवलेला आहे आणि या चित्रपटासाठी मी चित्रपटगृहाचाही आग्रह धरणार नाही. हिदेओ नाकाता यांच्या या चित्रपटात एक व्हिडिओ कॅसेट आहे. ती पाहणारा सात दिवसांत मरतो. कॅसेट आणि व्हीसीआर भाड्याने आणून, गल्लीतल्या सगळ्यांना जमवून रात्रभर तीन-तीन चित्रपट पाहिलेल्या पिढीला त्या खरखरणाऱ्या चित्राची ओळख आहे. शेवटाकडे जी आकृती चालत येते, तिची चाल चुकीची वाटते पण काय चुकले ते सांगता येत नाही. त्या अभिनेत्रीला उलटे चालायला लावून ते चित्रीकरण मागून पुढे दाखवलेले आहे. हे माहीत असूनही दुसऱ्यांदा पाहताना अंगावर काटा येतो, म्हणून मी तो वरच्या दर्जाचा मानतो. युक्तिदृश्यांचे नाशिककरांना तसे नवल नसावे. त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये असल्याच चमत्कृतींनी प्रेक्षक खेचले होते.

कोरियाचा 'ट्रेन टू बुसान' (२०१६) वेगवान आहे आणि भयपट न आवडणाऱ्यांनाही चालतो. 'अ क्वाएट प्लेस' (२०१८) फक्त खोली खरोखर शांत असेल तर. 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) आणि 'हेरेडिटरी' (२०१८) हे या टप्प्यावर नकोत. दोन्ही थोर आहेत, पण दोन्ही कुटुंबाच्या दुःखावर सावकाश बोट ठेवतात, आणि नवख्या प्रेक्षकाला त्यातली पहिली पाऊण तासाची संथ उभारणी कंटाळवाणी वाटून तो फक्त प्रसिद्ध दृश्यांची वाट पाहत बसतो. गाजलेल्या भयपटांचे पुढील भाग, त्यांचे पुढील भाग आणि त्यातून फुटलेल्या बाहुल्या-नन यांच्या मालिका मी सरसकट टाळतो. 'द कॉन्ज्युरिंग' (२०१३) या पहिल्या चित्रपटाचा पूर्वार्ध चांगला आहे, तेवढ्यावर थांबावे.

सहावी पायरी : ॲनिमेची ओळख भीतीविना करून घ्यावी

ॲनिमे हा कथेचा प्रकार नसून जपानी चित्रकारांचे माध्यम आहे. त्यात प्रेमकथा, क्रीडाकथा, स्वयंपाकाच्या मालिका असे सर्व काही येते, आणि 'डोरेमॉन' किंवा 'शिनचॅन' हिंदीतून पाहत वाढलेल्या मुलांनी ते नकळत पाहिलेलेच असते. म्हणून भीतीच्या मालिकांकडे वळण्यापूर्वी या माध्यमाची सवय होऊ द्यावी. घरातल्या ज्येष्ठांना सोबत घ्यायचे असेल तर 'रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स रामा' यासारखा दुसरा पर्याय नाही. युगो साको यांच्या पुढाकाराने जपानी आणि भारतीय कलावंतांनी मिळून १९९२ मध्ये तो पूर्ण केला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा झळकला. सीतागुंफा आणि काळाराम मंदिराच्या परिसरात लहानाचे मोठे झालेल्यांच्या घरी वनवासाचे ते प्रसंग जपानी कुंचल्यातून उतरलेले पाहताना आजोबांसह सगळे गप्प बसतात, आणि 'कार्टून' हा शब्द घरात पुन्हा ऐकू येत नाही.

दुसरा चित्रपट हायाओ मियाझाकी यांचा 'स्पिरिटेड अवे' (२००१), ज्याला २००३ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. तो भयपट नाही, तरी आई-वडिलांचे रूपांतर होते तो आरंभीचा प्रसंग लहान मुलांना घाबरवतो. सहा-सात वर्षांचे मूल शेजारी असेल तर त्याचा हात धरावा.

मालिकांची लांबी आधी पाहून घ्यावी. जपानी दूरचित्रवाणीवर तीन महिन्यांचा एक हंगाम असतो, त्यामुळे मालिका बहुधा १२-१३ किंवा त्याच्या दुप्पट भागांची असते आणि भाग सुमारे २४ मिनिटांचा. 'वन पीस'सारखी १९९९ पासून चालू असलेली, एक हजाराहून अधिक भागांची मालिका कितीही लोकप्रिय असली तरी ती पहिली म्हणून घेऊ नये. नवखेपणी १२ भागांची, संपलेली मालिका निवडावी.

सातवी पायरी : भीतीच्या मालिका

इथे मात्र रेंगाळायला हवे, कारण ॲनिमेतील भीती चित्रपटातल्या भीतीपेक्षा निराळ्या वाटेने येते. चित्र दचकवू शकत नाही असे नाही, पण ती त्याची ताकद नव्हे. रेषेने काढलेला चेहरा क्षणभर जास्त स्थिर राहिला, डोळ्यांतली चमक काढून टाकली, पार्श्वभूमीचा रंग हळूच बदलला, की जे घडते ते जिवंत नटाला साधत नाही.

पहिली मालिका 'यामिशिबाई' (२०१३ पासून). एकेक भाग पाच मिनिटांच्या आत संपतो. जपानमध्ये पूर्वी रस्त्यावर कागदी चित्रे एकामागून एक सरकवत गोष्ट सांगणारे कथेकरी असत, त्या पद्धतीने ही मालिका बनवली आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीची चित्रकथी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती लगेच आपली वाटेल. चित्रे जवळजवळ हलत नाहीत आणि तरीही झोपण्यापूर्वी 'अजून एकच' म्हणत पाहिलेला भाग महागात पडतो.

दुसरी 'मोनोनोके' (२००७, १२ भाग). याच नावाशी जुळणारा मियाझाकी यांचा १९९७ चा चित्रपट निराळा आहे, शोधताना गल्लत होऊ देऊ नये. या मालिकेत एक फिरता औषधविक्या भुतांचा बंदोबस्त करतो, परंतु भुताचे रूप, घडलेले सत्य आणि त्यामागचे कारण या तीन गोष्टी कळल्याशिवाय त्याची तलवार म्यानातून निघत नाही. म्हणजे प्रत्येक कथेत भूत मारण्यापूर्वी त्याची फिर्याद ऐकून घ्यावी लागते. बहुतेक वेळा ती फिर्याद माणसांविरुद्ध असते. भडक, नक्षीदार कागदावर काढल्यासारखी तिची चित्रे पहिल्या दहा मिनिटांत डोळ्यांना बोचतात, तेवढे सोसावे. माझ्या मते भीतीच्या ॲनिमेत हिच्या तोडीचे फार थोडे आहे.

'मुशिशी' (२००५-०६, २६ भाग) शांत आहे, भयकथा आणि लोककथा यांच्या सीमेवरची. तिचा प्रत्येक भाग स्वतंत्र असल्यामुळे कोणताही एक पाहून आवड ठरवता येते. 'अनदर' (२०१२, १२ भाग) ही शापित वर्गाची कथा, पूर्वार्धात उत्कृष्ट आणि शेवटी रक्ताच्या मोहात पडलेली. 'पॅरासाइट : द मॅक्सिम' (२०१४-१५, २४ भाग) हातातच शिरून बसलेल्या परजीवीची आहे आणि ती पुढे माणूस कशाला म्हणावे या प्रश्नाकडे वळते. 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'चा पहिला हंगाम (२०१९, १२ भाग) अवश्य पाहावा, दुसरा सोडून द्यावा. 'उझुमाकी' (२०२४) केवळ चार भागांची, कृष्णधवल. पहिला भाग पाहून मूळ चित्रकथाकार जुन्जी इतो यांच्या वळणावळणाच्या रेषेचे वेड लागते आणि दुसऱ्या भागात चित्रांची घसरण स्पष्ट दिसते. 'परफेक्ट ब्लू' (१९९७) हा सातोशी कोन यांचा चित्रपट फक्त प्रौढांसाठी आहे आणि त्यातील लैंगिक हिंसेची कल्पना पाहण्यापूर्वी असावी. ७४ भागांची 'मॉन्स्टर' (२००४-०५) सवय झाल्यावर, एखाद्या जाड कादंबरीसारखी, महिनोन्महिने वाचत असल्याच्या बेताने घ्यावी.

एका रात्री दोनपेक्षा जास्त भाग पाहू नयेत. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी आणि शेवटचे गाणे ओलांडू नये. भयकथेनंतरची ती दीड मिनिटे निर्मात्यांनी विचारपूर्वक ठेवलेली असतात.

आठवी पायरी : मूळ भाषा की हिंदी

जपानी आवाज ठेवून इंग्रजी सबटायटल वाचावे, असे माझे मत आहे, विशेषतः भीतीच्या मालिकांत, कारण अडखळलेला श्वास आणि संवादामधली शांतता डबिंगमध्ये हमखास भरून टाकली जाते. तरीही इंग्रजी भराभर वाचणे ज्यांना जड जाते त्यांनी हिंदी डब निवडण्यात कमीपणा मानू नये. क्रंचीरोल आणि नेटफ्लिक्स यांवर बऱ्याच मालिका हिंदीत मिळतात. सबटायटलचा आकार वाढवता येतो आणि अक्षरांमागे काळी पट्टी ठेवता येते, हे पुष्कळांना माहीत नसते. शीर्षके एका सेवेवरून दुसरीवर जात राहतात, म्हणून वर्षभराचे पैसे भरण्यापूर्वी हवी ती मालिका तिथे आहे का ते शोधून पाहावे. चोरीच्या प्रतींचा नाद सोडावा. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय त्या प्रतींत काळोखाचा चिखल झालेला असतो आणि भाषांतर कोणी केले त्याचा पत्ता नसतो.

नववी पायरी : आपले मत लिहून ठेवावे

चित्रपट संपल्यावर, इतरांची मते वाचण्याआधी, वहीत पाच-सहा ओळी लिहाव्यात. 'मस्त होता' किंवा 'फालतू' हे शब्द वर्ज्य करावेत आणि काही ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावीत. धक्का बसला तेव्हा त्याआधी काय उभे केले होते, की केवळ आवाज मोठा केला होता? भुताला किंवा शापाला जे नियम कथेने घालून दिले ते शेवटपर्यंत पाळले का? पात्रे मूर्खपणाने संकटात गेली, की शहाणपणाने वागूनही अडकली? दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना कोणते दृश्य आठवले? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा सर्वांत प्रसिद्ध दृश्य नसते.

दोन-तीन महिन्यांनी त्यातला एखादा चित्रपट पुन्हा पाहावा. शेवट माहीत असताना जो कंटाळवाणा होतो, त्याचे गुण कमी करावेत. जो अधिक अस्वस्थ करतो, तो जवळ ठेवावा. सोबत वाचनही चालू असावे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांचे कथासंग्रह शहरातल्या वाचनालयांत मागून पाहावेत. पडद्यावर न दाखवता घाबरवणे म्हणजे काय, हे मतकरींच्या एखाद्या गूढकथेतून जितक्या लवकर कळते तितके चित्रपटांतून कळत नाही, आणि त्यानंतर पाहिलेल्या भयपटात दिग्दर्शकाने गरज नसताना काय काय दाखवले आहे, ते ठळकपणे दिसू लागते.

घरात दोघे-तिघे पाहणारे असतील तर वह्या वेगळ्या ठेवाव्यात आणि लिहून झाल्यावरच एकमेकांना दाखवाव्यात. 'लपाछपी'विषयी सासू, सून आणि मुलगा यांनी लिहिलेल्या ओळी तीन निरनिराळ्या चित्रपटांवरच्या वाटू शकतात. पुढचा चित्रपट कोणी निवडायचा हे आळीपाळीने ठरवावे, आणि ज्याची पाळी असेल त्याच्या निवडीवर तो संपेपर्यंत कोणी शेरा मारू नये.